हजाराच्या पुढचा नंबर: कोल्हापूरच्या टेनिस पालकांचे नेहमीचे प्रश्न

रोज संध्याकाळी कोर्टाच्या जाळीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेले पालक मला जे विचारतात, ते इथं एकदाच लिहून ठेवतोय. म्हणजे बॉल फीड करताना मागं वळून बोलायला नको. मी स्वतः आठ वर्षं व्यावसायिक स्पर्धा खेळलो. एकेरीत माझा सगळ्यात चांगला नंबर चौदाशेच्या आसपास होता, दुहेरीत त्याहून थोडा बरा. टीव्हीवर मला कुणी कधी पाहिलेलं नाही. तेव्हा मोठ्या खेळाडूंच्या गोष्टी वाचायला आला असाल तर हे पान तुमच्या कामाचं नाही.

"त्याला एटीपी नंबर आहे" असं म्हणतात. म्हणजे काय?

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, एटीपी या संघटनेची जागतिक क्रमवारी. १९७३ च्या ऑगस्टपासून ती संगणकावर निघते आणि साधारण दर सोमवारी नवी यादी लागते. त्यात मागच्या ५२ आठवड्यांतले पॉईंट धरतात. त्रेपन्नाव्या आठवड्यात जुना पॉईंट गळून पडतो. म्हणून मागच्या वर्षी याच आठवड्यात आपण कुठं होतो आणि कितवी फेरी गाठली होती, हे प्रत्येक खेळाडूला तोंडपाठ असतं. ते पॉईंट टिकवायचे, याला आमच्यात ‘डिफेंड करणं’ म्हणतात. एक पॉईंट मिळाला तरी यादीत नाव लागतं आणि तेवढ्यावर गल्लीत पेढे वाटले जातात. आमच्याही वाटले होते.

पुढची गंमत पण सांगतो. २०१९ च्या जानेवारीत नियम बदलला आणि छोट्या स्पर्धांचे पॉईंट एटीपीच्या यादीतून काढून आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) वेगळ्या यादीत टाकले. माझे होते नव्हते ते दोन पॉईंट एका सोमवारी गेले. जगभरच्या खेळाडूंनी ओरड केल्यावर ऑगस्टमध्ये जुनी पद्धत परत आली. मधले सात महिने मला कुणी नंबर विचारला की मी विषय फुटबॉलवर न्यायचो. कोल्हापुरात ते सोपं आहे.

पायऱ्या किती असतात? आमच्या पोराला कुठून सुरुवात करावी लागेल?

ज्युनियर गटातून. एआयटीएच्या (देशातल्या टेनिस संघटनेच्या) १२, १४, १६, १८ वर्षांखालच्या स्पर्धा, मग आयटीएफ ज्युनियर. त्यानंतर पुरुषांत सगळ्यात तळाला एम-१५ आणि एम-२५. यातला आकडा एकूण बक्षिसाचा, हजार डॉलरमध्ये. एम-२५ चं नाव तेच राहिलं, पण रक्कम २०२५ पासून ३०,००० डॉलर झाली. त्याच्या वर चॅलेंजर, ५० पासून १७५ पर्यंत, आणि इथला आकडा विजेत्याच्या पॉईंटचा. मग एटीपी २५०, ५००, १००० आणि शेवटी ग्रँड स्लॅम, जिथं विजेत्याला २००० मिळतात. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ मध्ये, कोरोनाचं वर्ष सोडून, महाराष्ट्र ओपन झाली. ती २५० ची. आपल्यापैकी बरेच जण एसटीनं जाऊन ती बघून आले आणि "जवळच तर आहे" असं म्हणाले. २३० किलोमीटर हे अंतर बघणाऱ्याचं झालं.

जत्रेतलं कुस्तीचं मैदान आठवा. दुपारी उन्हात पहिल्यांदा बारक्या पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर. एम-१५ म्हणजे ती रेवड्यांवरची कुस्ती. फक्त जत्रेतल्या पोराला रेवड्या मिळवायला ट्युनिशियातल्या मोनास्तिरला जावं लागत नाही.

आणि तिथले खेळाडू कच्चे असतात असं समजू नका. मला पहिल्याच वर्षी समोर आलेला पोरगा ज्युनियर ग्रँड स्लॅम खेळून आला होता. ४२ मिनिटांत आटपलं.

एका स्पर्धेत किती पैसे मिळतात?

एम-१५ एकेरीचं सांगतो. विजेत्याला २,१६० डॉलर आणि १५ पॉईंट. उपविजेत्याला १,२७२ आणि ८. उपांत्य फेरीत हरला तर ७५२ आणि ४. उपांत्यपूर्व फेरीत ४३८ आणि २. दुसऱ्या फेरीत हरला तर २५८ डॉलर आणि १ पॉईंट. पहिल्याच फेरीत हरला तर १५६ डॉलर आणि पॉईंट शून्य. वरून कर कापतात. मेन ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धा, ३२ जणांची असते, म्हणजे १६ जण १५६ डॉलर घेऊनच जातात. आणि क्वालिफाइंगमध्येच, म्हणजे त्याआधीच्या पात्रता फेरीत, हरलेल्याला तेवढेही नाहीत. तो एंट्री फी भरून आलेला असतो.

दुहेरीचं बक्षीस एकेरीच्या निम्म्यालाही येत नाही आणि ते दोघांत वाटायचं असतं.

आणि खर्च?

हा प्रश्न खरं तर पहिला पाहिजे, पण तो मला सगळ्यात शेवटी विचारतात, तेही हळू आवाजात.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर जॉबवर्क करायचे. लाल कापडी बांधणीच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाईकाचं वेगळं पान. मी अठराचा झालो आणि बाहेर खेळायला लागलो, तेव्हा त्यांनी त्याच वहीत माझं पान उघडलं. वर ‘टेनिस’, डावीकडं जमा, उजवीकडं नावे. त्यातलं २०१९ च्या ऑक्टोबरचं पान माझ्या लक्षात आहे, कारण ते माझे सगळ्यात चांगले तीन आठवडे होते. मोनास्तिरला सलग तीन एम-१५ होत्या. तिन्हीत मी क्वालिफाइंगमधून मेन ड्रॉमध्ये आलो. दोनदा पहिल्या फेरीत हरलो, एकदा एक मॅच जिंकलो.

नावे: विमान ५६,०००. हॉटेल २१ रात्री, १,०२,०००. गटिंग (रॅकेटला तार भरणं) आणि तार ९,०००. मुंबईपर्यंत जाणं-येणं, टॅक्सी, विमा मिळून ६,०००. एकूण १,७३,०००.

जमा: १५६ अधिक १५६ अधिक २५८, म्हणजे ५७० डॉलर. तेव्हाच्या दरानं जेमतेम ४०,०००, आणि तेही कर कापायच्या आधी.

वडिलांनी खाली शेरा काही लिहिला नव्हता. ते कुणाच्याच पानावर लिहीत नसत. फक्त बाकी पुढच्या पानावर ओढली.

आता वर्षाला असे पंचवीस आठवडे धरा आणि भाव आजचे लावा. कोच सोबत न्यायचा म्हटलं तर तिकीट, हॉटेल, जेवण सगळं दुप्पट, वर त्याची फी वेगळी.

मग खर्च भरून निघायला नंबर किती लागतो?

आयटीएफनंच एकदा याचा अभ्यास केला होता. २०१३ साली जगभरात सुमारे १४,००० खेळाडू व्यावसायिक स्पर्धा खेळले आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना बक्षिसाचा एक पैसाही मिळाला नाही. पुरुषांत साधारण ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या नंबराला जमाखर्चाची तोंडमिळवणी होत होती. त्यात कोचचा खर्च धरलेला नव्हता. आकडे जुने आहेत, पण चित्र फारसं हललेलं नाही. जगात कुठल्याही धंद्यात ३३६ वा असलेला माणूस बंगला बांधून बसलेला असेल. इथं तो आत्ता कुठं घरातून दिलेल्या पैशाशिवाय महिना काढायला लागतो.

२५० च्या आत आलं की चित्र बदलतं. तिथून ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगचं दार उघडतं. विंबल्डनच्या क्वालिफाइंगमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही २०२५ मध्ये १५,५०० पौंड होते. एम-१५ जिंकून ती रक्कम जमवायची तर नऊ-दहा स्पर्धा जिंकाव्या लागतील. म्हणून सगळे त्या २५० च्या मागं धावतात. एटीपीनंही २०२४ पासून पहिल्या २५० जणांसाठी किमान उत्पन्नाची योजना आणली. त्या पहिल्या वर्षीचे आकडे: पहिल्या शंभरासाठी ३ लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत ७५,०००. दोनशे एक्कावन्नाव्याला काय? त्यानं पुढच्या स्पर्धेची एंट्री टाकायची.

पण सुमित नागलचं झालंच की!

झालं. पण पूर्ण गोष्ट सांगा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तो भारताचा एकेरीतला पहिल्या नंबरचा खेळाडू होता आणि बँकेत ९०० युरो शिल्लक असल्याचं त्यानं स्वतः सांगितलं. चार महिन्यांनी, २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, क्वालिफाइंगमधून येऊन त्यानं ३१ वं मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णननं विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा हा पहिलाच भारतीय. त्याच वर्षी तो ६८ व्या नंबरापर्यंत गेला. बापांना जानेवारी लक्षात राहतो. मी त्यांना सप्टेंबरची आठवण करून देतो. देशात पहिला असलेल्याची ही अवस्था होती.

स्पर्धेचा आठवडा कसा जातो?

तो सुरू होतो अडीच आठवडे आधीच्या गुरुवारी. संध्याकाळी साडेसातला एंट्री बंद होते. सव्वासातला मोबाईल हातात घेऊन बसायचं, कुठल्या देशात कोण कोण नाव टाकतंय ते बघायचं, आणि जिथं यादी कमजोर वाटते तिथं आपलं नाव टाकायचं. बाकीचे हजार जणही नेमकं हेच करत असतात.

तिथं पोचल्यावर क्वालिफाइंग. बऱ्याच ठिकाणी बॉलबॉय नसतात, आपले बॉल आपणच गोळा करायचे. लाइन पंच नसतात. प्रेक्षक म्हणजे पुढच्या मॅचची वाट बघणारे दोघं आणि कुंपणाबाहेर फोनवर बोलत उभा असलेला कुणाचा तरी बाप. रात्री बाथरूममध्ये शर्ट धुवायचा, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायचा आणि एसीच्या तोंडाशी लटकवायचा. दोन रॅकेटचं गटिंग करायचं. २०० मीटरचं तारेचं रीळ घरून नेलं तर साधारण सोळा रॅकेट होतात आणि प्रत्येक वेळी फक्त मजुरीच द्यावी लागते. खोली दुसऱ्या खेळाडूबरोबर अर्ध्या भाड्यात घ्यायची. एकदा माझा रूममेटच माझ्यासमोर ड्रॉमध्ये आला. आदल्या रात्री आम्ही दोघंही दहाला दिवा मालवून जागेच पडलो होतो. सकाळी त्यानं मला हरवलं आणि दुपारी माझा चार्जर मागायला आला.

हॉटेलच्या बुफेत रोज पास्ता. मी आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी बरणीतून न्यायचो. तिसऱ्या आठवड्यात एक सर्बियन आणि दोन अर्जेंटिनाचे खेळाडू माझ्या टेबलावर येऊन बसायला लागले. ते माझ्यासाठी आले होते असा माझा गैरसमज नव्हता.

सगळ्यात अवघड काय, तर मंगळवारी हरल्यानंतरचे दिवस. तिकीट आणि खोली दोन्ही पुढच्या आठवड्यापर्यंत असतात. ज्याच्याशी सराव करायचा तो अजून स्पर्धेत असतो, त्यामुळं आपण त्याला वॉर्मअप देणारा माणूस होतो. घरी फोन करायचा असतो. आमच्या घरी पद्धत ठरली होती: जिंकलो तर मी फोन करायचा, हरलो तर आई करणार आणि जेवलास का एवढंच विचारणार.

कोच सोबत असतो का?

नाही. या पातळीवर बहुतेकांना परवडत नाही. मॅच मोबाईलवर शूट करून घरी पाठवायची.

आमची मुलगी आहे. तिच्यासाठी वेगळं काही?

पायऱ्यांची नावं वेगळी: डब्ल्यू-१५, ३५, ५०, ७५, १००. डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिलांच्या जागतिक, यादीत यायला तीन स्पर्धांत पॉईंट लागतात, किंवा मग एकूण किमान दहा पॉईंट. महाराष्ट्रात मुलींच्या आयटीएफ स्पर्धा बऱ्यापैकी होतात. पुणे, सोलापूर, नवी मुंबई इथं झाल्या आहेत. त्यामुळं सुरुवात रेल्वेच्या तिकिटावर होऊ शकते आणि हा फायदा लहान नाही. २०२२ मध्ये विंबल्डननं १४ वर्षांखालच्यांची स्पर्धा पहिल्यांदाच भरवली, तेव्हा भारताकडून आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव खेळली. त्यानंतर कोर्टावर मुलींची संख्या वाढली आणि "माझी कधी जाणार?" असं विचारणाऱ्या आयांचीही. नऊ वर्षांच्या पोरीबद्दल याचं उत्तर मी देत नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर हे कोल्हापूरच्या खेळाडूचं कायमचं दुखणं. तीन-तीन दिवस कोर्ट वाळत नाही. या दिवसांत आम्ही फिटनेस करतो, हॉलमध्ये फूटवर्क करतो आणि परवडेल तो काही आठवड्यांसाठी बाहेरगावी सरावाला जातो. घाटात भिजत धावून टेनिस सुधारत नाही, काही वस्ताद काहीही म्हणोत.

स्पॉन्सर मिळतो का?

रॅकेट कंपनी चांगल्या ज्युनियरला रॅकेट आणि तार सवलतीत देते, फार तर फुकट. रोख पैसे जवळपास कुणीच देत नाही.

आपल्याकडं खेळाडूसाठी पदरमोड करायची जुनी रीत आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडं पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट इथल्या प्रत्येक सत्कारात सांगतात. पण ते पैसे जायच्या आधी दिले होते. आता आधी कुणी भेटत नाही. जिंकून आलात की स्टेशनपासून चौकापर्यंत फ्लेक्स लागतात. मला पहिला पॉईंट मिळाला तेव्हा जे फ्लेक्स लागले, त्या खर्चात माझ्या हॉटेलचे दोन आठवडे निघाले असते. एकावर तर माझ्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते.

मागायचंच असेल तर ‘मदत करा’ म्हणून जाऊ नका. वर्षाचं वेळापत्रक, प्रत्येक दौऱ्याचा खर्च आणि मागच्या वर्षीचे निकाल एका कागदावर घेऊन जा. कारखानदाराला कोटेशन कळतं. माझ्या वडिलांच्या एका जुन्या गिऱ्हाईकानं मला दोन दौरे दिले, ते असा कागद बघूनच.

शिक्षणाचं काय? शाळा सोडवावी का?

सोडवू नका. बारावीपर्यंत अभ्यास बरा ठेवला तर अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसची वाट उघडी राहते. स्कॉलरशिप, कोच, जिम, दर आठवड्याला चांगल्या मॅच आणि हातात पदवी. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएए, म्हणजे तिथल्या आंतरकॉलेज स्पर्धेची, एकेरी जिंकला आणि मग व्यावसायिक झाला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला होती, पुढं हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिनं बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं नाही. बारावीनंतर मी दोन वर्षं नुसता खेळत राहिलो आणि चौकशी केली तेव्हा उशीर झाला होता. बारावीनंतर थांबलं तर पात्रतेची वर्षं कापली जाऊ शकतात, म्हणून दहावीतच नियम वाचायला घ्या.

फिक्सिंग खरंच होतं?

होतं, आणि पकडली जाणारी बहुतेक प्रकरणं याच खालच्या पातळीवरची असतात. कारण उघड आहे. एम-१५ च्या मॅचचा स्कोअर पॉईंटागणिक लाइव्ह दिसतो, त्यावर जगभर सट्टा लागतो आणि कोर्टावरचा माणूस १५६ डॉलरसाठी खेळत असतो.

मला एकदा इन्स्टाग्रामवर मेसेज आला. पहिला सेट सोडायचा, एवढंच. नंतर मॅच जिंकलास तरी चालेल. रक्कम स्पर्धेच्या विजेत्यापेक्षा जास्त होती. मी हॉटेलच्या पायरीवर तो मेसेज बराच वेळ वाचत बसलो होतो, हे कबूल करतो. मग स्क्रीनशॉट काढून टेनिसमधलं फिक्सिंग तपासणाऱ्या इंटिग्रिटी एजन्सीला कळवलं. पैसे न घेता गप्प बसणं हाही नियमाप्रमाणं गुन्हाच आहे. मुलं बाहेर खेळायला लागायच्या आधी त्यांना हे घरीच सांगा.

मॅच हरल्यावर सट्टेबाजांच्या शिव्याही येतात, आई-बहिणीवरून, कुठल्या कुठल्या भाषांत. खेळाडूचं अकाउंट प्रायव्हेट ठेवा.

खुराक कसा असावा?

दूध, अंडी, मटण, भाकरी, केळी. तालमीतला बदाम-थंडाईचा खुराक चालतो, फक्त मॅचच्या सकाळी नको. जिमवाल्यानं दिलेली लेबल नसलेली पावडर मात्र घरात आणू नका. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, कुणी दिलं हा नंतरचा प्रश्न.

कधी थांबायचं हे कसं कळतं?

मला वहीतून कळलं. २०२१ च्या दिवाळीत मी एका दौऱ्याचा खर्च बघायला माझं पान उघडलं. जमा बाजूला बक्षिसाच्या बारक्या रकमांमध्ये एक ओळ होती: ‘जुनी लेथ, १,४०,०००’. त्या लेथवर मी लहानपणी स्टुलावर बसून गृहपाठ केला होता. कारखान्यात गेलो तर तिथं फरशीवर चार बोल्टची भोकं आणि तेलाचा चौकोन उरला होता. वडिलांनी आल्या आल्या विचारलं, "पुढची स्पर्धा कधी रे?" मी म्हणालो, बघतो.

पुढचे दोन महिने सराव चालू होता, पण एंट्री टाकली नाही. गुरुवारी साडेसात वाजायचे आणि मी फोन उलटा ठेवायचो.

प्रत्येकाला अशी ओळ सापडेलच असं नाही, म्हणून आता मी पालकांकडून सुरुवातीलाच दोन गोष्टी लिहून घेतो: किती वर्षं आणि किती पैसे. आकडा तुमचा, पण तो पोराला माहीत असला पाहिजे. चार वर्षांत पाचशेच्या आत नाही आला तर दुसरा विचार, हे माझं मत. दुसरे कोच वेगळं सांगतील.

पुढं नोकरी मिळते का?

महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. पण कुठल्या स्पर्धेतली कुठली कामगिरी धरतात, ते नियमात ठरलेलं असतं. बाहेरच्या आयटीएफ दौऱ्यांच्या नादात राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा सोडून देणारी पोरं इथं अडकतात. सर्टिफिकेट जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका. बाकी बहुतेक जण माझ्यासारखे कोच होतात.

मुलाला दाखवायला कधी आणू?

सोमवार सोडून कधीही, सकाळी सहाला. नवी रॅकेट घेऊ नका, माझ्याकडं जुन्या आहेत. बूट मात्र सपाट तळाचे पाहिजेत, पळायचे बूट नकोत, घोटा मुरगळतो. आणि पहिले पंधरा दिवस तुम्ही जाळीच्या आत येऊ नका.